‘बोर्ड’ : एका फळीचा इतिहास

इंग्रजी भाषेंतील कांहीं शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत कीं, ते परके आहेत ह्याची आठवणहि कोणास राहत नाहीं. ‘बोर्ड’ हा त्यांपैकींच एक होय. मुलगी दहावींत गेली म्हणजे ‘यंदा बोर्डाचें वर्ष’ असें आई शेजारणीस सांगते. दुकानदार दारावर नांवाचा बोर्ड लावतो. दिवा लावावयाचा तर भिंतीवरील बोर्डाकडे हात जातो. शिक्षणासाठीं परगांवीं ठेवलेला मुलगा बोर्डिंगांत राहतो. आणि कंपनीचा जमाखर्च मंजुरीसाठीं बोर्डापुढें जातो. परीक्षा, पाटी, विजेचीं बटणें, वसतिगृह आणि कारभारी मंडळ ह्यांचा परस्परांशीं संबंध तो काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर एका साध्या लांकडी फळींत आहे.

जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. ढाल आणि जहाजाची बाजू ह्यांनाहि हाच शब्द लावीत. त्या काळच्या जहाजांस सुकाणूं म्हणून एक रुंद वल्हें उजव्या अंगास बांधलेलें असे. त्यावरून त्या बाजूस ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूंची बाजू, हें नांव पडलें. डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ म्हणत. वाऱ्याच्या घोंगावण्यांत हे दोन शब्द सारखेच ऐकूं येत व घोटाळा होई. म्हणून १८४४ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘लारबोर्ड’ टाकून ‘पोर्ट’ म्हणावें, असा हुकूम काढला. जहाजावर चढणें तें ‘बोर्डिंग’. आज विमानतळावर उतारूच्या हातीं पडणारा बोर्डिंग पास हा त्या समुद्रावरूनच आलेला आहे.

जमिनीवर ह्या शब्दानें निराळी वाट धरली. मध्ययुगीन इंग्लंडांतील मोठ्या घरांतून भोजनाच्या वेळीं लांकडी घोड्यांवर फळ्या मांडीत आणि जेवणें आटोपलीं कीं त्या उचलून ठेवीत. अशा रीतीनें फळी म्हणजे टेबल आणि टेबल म्हणजे त्यावरील अन्न, असा अर्थ सरकत गेला. पैसे भरून दुसऱ्याच्या घरीं जेवणारा तो ‘बोर्डर’ झाला. ‘कपबोर्ड’ ही मूळची पेले मांडण्याची उघडी फळी. तिला कपाटाचें रूप मागाहून आलें. टेबलावर पत्ते खेळणाराचे हात वर दिसत असले म्हणजे लबाडीस वाव राहत नाहीं. त्यावरून निर्मळ व्यवहारास ‘अबव्ह बोर्ड’ म्हणूं लागले.

मराठी माणसास ह्याचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. स्वयंपाकघरांत डबे ठेवावयाची फळी, रणांगणावर फुटणारी फळी, क्रिकेटच्या संघांतील आघाडीची फळी आणि राजकीय पक्षांतील दुसरी फळी, ह्या साऱ्या एकाच शब्दाच्या लेकी आहेत. शब्द वस्तूला चिकटून राहत नाहीं. माणसें त्या वस्तूचें जें करतात त्याच्या मागून तो जातो.

इंग्लंडांत भोजनाच्या टेबलाभोंवतीं माणसें मसलतीसाठींहि बसत. सोळाव्या शतकांत अशा मसलतीच्या टेबलासच नव्हे, तर त्याभोंवतीं बसणाऱ्या मंडळासहि ‘बोर्ड’ म्हणण्याचा प्रघात पडूं लागला. जुन्या घरांतून खुर्ची दुर्मिळ असे व बहुतेक लोक बाकांवर बसत. खुर्चीचा मान प्रमुखाचा. सभेच्या अध्यक्षास ‘चेअरमन’ हें नांव त्या खुर्चीवरूनच मिळालें. फळीवरचें अन्न गेलें आणि अधिकार आला. आतां ह्या फळीपाशीं कोण बसतो, हाच खरा प्रश्न होऊन बसला.

हिंदुस्थानास त्याचा अनुभव लौकरच आला. १७८४ सालीं पिटच्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठीं लंडनमध्यें ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झालें. त्यांत सहा सभासद असावयाचे, आणि ते सारे इंग्लंडच्या राजाच्या मंत्रणा-मंडळांतील. १८५८ सालीं कंपनीचें राज्य संपेपर्यंत कोट्यवधि लोकांचा कारभार त्या टेबलावरून तपासला गेला; त्या लोकांपैकीं कोणास तेथें जागा नव्हती.

मुंबईंत १८४० सालीं ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ निघालें तेव्हां मात्र जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्यासारख्या एतद्देशीय गृहस्थांस त्यांत स्थान मिळालें. तें स्थान शोभेपुरतें राहिलें नाहीं. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी ह्यांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे होता. शंकरशेट ह्यांनीं देशी भाषांतून शिक्षण देण्याचा पक्ष उचलून धरला आणि अध्यक्षांच्या तोंडावर विरोध नोंदविला. सामान्य माणसाला ज्ञान त्याच्या भाषेंत मिळावें कीं परक्या, हा वाद त्या टेबलावर झाला, कारण तो घालणारा माणूस तेथें बसलेला होता. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें देशी भाषांचें महत्त्व मान्य केलें, व पुढल्या वर्षीं शिक्षणखातें निघून तें बोर्ड बंद झालें.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यांत १८८४ चा कायदा होऊन ‘लोकल बोर्ड’ हा शब्द तालुक्यातालुक्यांत पोहोंचला. आरंभीं मताचा हक्क मूठभर लोकांपुरताच होता. तरी रस्ता, विहीर व शाळा ह्यांविषयीं खेड्यांतील माणसास बोलण्याची एक जागा झाली. १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डें इतिहासजमा झालीं. पुढें १९६६ सालीं स्थापन झालेल्या माध्यमिक शिक्षणाच्या संस्थेचें नांव ‘मंडळ’ असें ठेवलें, तरी घरोघरीं ‘बोर्ड’च राहिलें.

ह्या शब्दाचा सर्वांत हृद्य अर्थ महाराष्ट्रानें जेवणाच्या फळीवरून उचलला. कोल्हापुरांत १९०१ सालीं शाहू महाराजांच्या आश्रयानें मराठा विद्यार्थ्यांचें बोर्डिंग निघालें, आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांचीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. भाऊराव पाटील ह्यांनीं एक पाऊल पुढें टाकलें. १९२४ सालीं साताऱ्यास त्यांनीं जें बोर्डिंग काढलें त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एकत्र जेवत. त्याच्या खर्चासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरील दागिने मोडले. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास ‘छत्रपति शाहू बोर्डिंग हाउस’ हें नांव मिळालें. ज्या काळीं पंगत जातीवर ठरे त्या काळीं तीं मुलें शेजारीं शेजारीं जेवावयास बसत. आणि त्या बोर्डिंगांत शिकून निघालेले कित्येक पुढें कारभाराच्या बोर्डांवर जाऊन बसले.

कोशकार ‘बोर्ड’ ह्या शब्दाचे अर्थ अनुक्रमांक घालून एकाखालीं एक मांडतात. त्यांत जेवणाचें टेबल निराळें आणि कारभाराचें निराळें असतें. साताऱ्याच्या त्या मुलांपुरतीं तरी हीं दोन टेबलें निराळीं नव्हतीं. पहिल्यावर जागा मिळाली, म्हणूनच दुसऱ्याची वाट त्यांना सांपडली.