सहाचे बारा व्होल्ट का झाले?

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या शिवारात चालणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी आज साधारणपणे १२ व्होल्टची असते. हा आकडा पहिल्यापासूनचा नाही. अमेरिकेत १९३९ मध्ये आलेला फोर्ड ९एन आणि १९५२ पर्यंत तयार होत असलेला ८एन हे पेट्रोलवरचे ट्रॅक्टर ६ व्होल्टवर चालत. शिसे-आम्ल बॅटरीचा एक घट सुमारे २ व्होल्ट देतो. म्हणजे तीन घटांत काम भागत असे. मग सहा घट कशासाठी?

१९५०च्या दशकात मोटारींच्या इंजिनांतील दाब वाढला आणि स्टार्टरला अधिक शक्ती लागू लागली. डिझेल इंजिनात तर हवा इतकी दाबावी लागते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. भारतात १९५९ मध्ये आयशरने फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, तोवर मोटारजगत १२ व्होल्टकडे वळले होते.

आता थोडे गणित करू. समजा, बॅटरीतून १२०० वॅट शक्ती घ्यायची आहे आणि तारांचा रोध ०.००५ ओहम आहे. ६ व्होल्टला प्रवाह २०० अँपिअर होईल. तारेतच १ व्होल्ट खर्ची पडेल आणि २०० वॅट उष्णतेत जातील. १२ व्होल्टला प्रवाह १०० अँपिअर. नुकसान फक्त ५० वॅट. प्रवाह निम्मा झाला, पण नुकसान चौथाईवर आले, कारण ते प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते.

म्हणून जुना ट्रॅक्टर १२ व्होल्टवर नेताना तारा सहसा बदलाव्या लागत नाहीत. त्या सुस्थितीत मात्र हव्यात. दिवे बदलावेच लागतात. ६ व्होल्टचा दिवा दुप्पट दाबाने लगेच जळतो. ठिणगीची कॉइल बदलावी लागते किंवा तिला योग्य रोध जोडावा लागतो. डायनामोच्या जागी बहुधा अल्टरनेटर बसवतात. मात्र ८एनसारख्या ट्रॅक्टरात बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. ते तसेच ठेवून नेहमीचा अल्टरनेटर जोडला, तर त्यातील डायोड जळतात.

हाच नियम शेतातल्या विजेच्या खांबांवरही दिसतो. रोहित्रापासून लांब गेलेल्या कमी दाबाच्या तारेच्या शेवटी असलेल्या पंपाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. शेतकऱ्याचे पाणी ऐन हंगामात थांबते. ११,००० व्होल्टची वाहिनी पंपाजवळ नेऊन तिथे लहान रोहित्र बसवायचे, ही महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेल्या उच्चदाब वितरण योजनेमागची कल्पना होती. वरचे गणित वर्गात सोडवून घेतले, तर विद्यार्थ्यांना बॅटरी आणि खांब यांतला हा संबंध स्वतःच सापडेल.