बाबासाहेबांची बोट आणि बंदरातला फोटो

युद्धकाळात बंदरात उभ्या असलेल्या प्रवासी बोटींचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. करडा रंग फासलेली बोट आणि कठड्याला रेललेले शेकडो गोरे सैनिक. मंगळवार पेठेत बसून आम्ही यावर का लिहावे? कारण त्यातली एक बोट आपल्या इतिहासातली आहे.

४ ऑक्टोबर १९३० रोजी बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले, ते पी. अँड ओ. कंपनीच्या 'व्हॉइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने. १९२९ मध्ये प्रवासाला लागलेली, जवळपास वीस हजार टनांची, आत पोहण्याचा तलाव असलेली ही बोट. दुसऱ्या परिषदेला ते 'मुलतान'ने गेले. पुढे महायुद्धात सरकारने दोन्ही बोटी ताब्यात घेतल्या आणि त्या सैनिक वाहू लागल्या. 'मुलतान' वाचली. 'व्हॉइसरॉय'ने उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवले आणि परतताना, ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, ओरानजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवले.

बोटींचे शौकीन इथे थांबतात. टनेज, वेग, बुडाल्याची तारीख, संपले. पण बॉयलरपाशी कोण होते? या कंपन्यांच्या बोटींवर कोकणातले, गोव्याचे, गुजरातचे, बंगालचे खलाशी राबत. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच त्यांनी ठिकठिकाणी संप केले, काही तुरुंगात गेले. युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. फोटोत ते दिसत नाहीत, कारण ते कठड्यावर नव्हते, खाली होते. (जातीची उतरंड आम्हाला ठाऊक आहे, बोटीचे मजले समजायला वेळ लागत नाही.)

आता दुसरा मुद्दा. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, म्हणून त्यांना 'इंग्रजधार्जिणे' म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी तिथे काय मागितले ते पाहा. 'लढाऊ जमाती'च्या थोतांडाखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो! बाबासाहेबांनी हा व्यवहार नीट ओळखला होता. त्यांनी महारांसाठी स्वतंत्र पलटणीचा आग्रह धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला, म्हणजे कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी कामठीला. युद्ध संपल्यावर ही रेजिमेंट मोडली नाही. १९४६ मध्ये तिच्या हाती मशीनगन आल्या.