लॅपटॉपचे वाय-फाय गेले? बरक्यातील घरांसाठी थोडी माहिती



मुलांचा अभ्यास, ऑफिसचे काम आणि भारतातल्या आईबाबांशी बोलणे, सगळे आता घरच्या वाय-फायवर चालते. आपण भारताच्या दीड तास मागे. इथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात. लॅपटॉपशी तासभर झटापट करून तो जोडला जाईपर्यंत आजीआजोबा झोपून गेलेले असतात. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे हे पटकन ओळखता यावे, म्हणून ही माहिती एकत्र करत आहोत. (खाली विंडोज गृहीत धरले आहे.)

सुरुवात एका 'करू नका'ने. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे एक बारीक भोक असते. ते 'रीसेट' आहे. ते काही सेकंद दाबून धरले की राउटरमधल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण बऱ्याच राउटरमध्ये कंपनीने भरलेले लाइनचे युजरनेम आणि पासवर्डही जातात. मग एका लॅपटॉपची अडचण साऱ्या घराची होते. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा असेल तर सरळ प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, परत लावा. त्याने काही पुसले जात नाही.

आता पहिली परीक्षा. फोनवरचा मोबाईल डेटा बंद करा आणि घरच्या वाय-फायवर एखादे पान उघडून बघा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन गुपचूप त्यावरून चालतो आणि आपली फसगत होते. फोनवरही पान उघडत नसेल तर लॅपटॉप निर्दोष आहे. फायबरच्या डबीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही. दारातली पातळ तार कपाटामागे मुडपलेली नाही ना, एवढे पाहून कंपनीला फोन करावा. घरातले कोणतेही बटण इथे उपयोगाचे नाही. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ आपल्या शेजारच्या मुसन्ना-सुवेक पट्ट्यात किनाऱ्यावर आले. अशा वेळी वाट पाहणे आणि तोवर फोनच्या हॉटस्पॉटवर भागवणे एवढेच हातात असते.

फोन चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, तेव्हा खरी शोधाशोध सुरू होते. लॅपटॉपच्या यादीत एकही वाय-फायचे नाव दिसत नसेल तर एअरप्लेन मोड किंवा कीबोर्डवरचे वायरलेसचे बटण चुकून दाबले गेले आहे का ते पाहा. लहान मुले असलेल्या घरात हे कारण फार वेळा निघते.

शेजाऱ्यांची नावे दिसतात पण आपलेच दिसत नाही, हा प्रकार जरा गमतीचा आहे. अमेरिकेतल्या भावाने आणलेला लॅपटॉप असेल तर शंका घ्यायला जागा आहे. २.४ गिगाहर्ट्‌झवर अमेरिकेत सहसा १ ते ११ हेच चॅनल वापरतात, आणि तिथल्या काही यंत्रांना १२ व १३ दिसतच नाहीत. राउटरने आपोआप १३ निवडला की तो लॅपटॉप आंधळा होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ पक्का करून ठेवा.

नाव दिसते, पण जोडले जात नाही? पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत बसतो. त्या नावावर 'फर्गेट' करून नव्याने जोडा. जोडले गेले, पण इंटरनेट नाही? वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आयपीव्ही४ पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद-चालू केल्यावर बहुधा मिळतो. पत्ता ठीक असेल तर तारीख आणि वेळ तपासा. तारीख चुकली की सुरक्षित पाने उघडत नाहीत आणि दोष मात्र वाय-फायला मिळतो. ऑफिसचा व्हीपीएन अर्धवट चालू राहिला असेल तरी असेच होते.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे मधूनमधून तुटणारे वाय-फाय. इथे आपल्या घरांचाही हात असतो. फायबर येते तळमजल्यावर मजलिसच्या दाराशी, आणि अभ्यासाची खोली वरच्या मजल्यावर टोकाला. मध्ये सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असले तरी भिंतीतून कमी जाते, म्हणून लांबच्या खोलीत २.४ ला जोडून पाहा. राउटर जिन्याजवळ उंचावर ठेवता आला तर उत्तम. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि जूनमधले ऊन ती मर्यादा सहज ओलांडते.

लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावल्यावरच वाय-फाय मंदावते का, तेही पाहा. तिच्या केबलमुळे २.४ गिगाहर्ट्‌झवर व्यत्यय येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायरलेस कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'खाली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तिची खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा भाग दिसत नाही.

विंडोजमधले 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी करा. त्याने लॅपटॉपमधली नेटवर्कची मांडणी पुसली जाते आणि व्हीपीएन पुन्हा बसवावा लागू शकतो. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी त्यांना विचारा.

परीक्षा किंवा मुलाखत असेल त्या दिवशी मात्र यातले काहीच करत बसू नका. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी नेटवर्क केबल लावा. पातळ लॅपटॉपला तिचे छिद्र नसते, त्यासाठी यूएसबीचा छोटा जोड मिळतो. तो आधीच आणून एकदा लावून पाहिलेला बरा.