मानसिक चाचणी म्हणजे वेडेपणाचा दाखला नव्हे

‘मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या’ असं आम्ही पालकांना सांगितलं की पहिला सवाल येतो, ‘आमचं पोरगं पागल आहे का?’

या चाचणीत ना सुई, ना गोळी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आधी अम्मी-अब्बूंशी बोलतात. जन्म, आजार, झोप, अभ्यास सगळं विचारतात. मग मुलाकडून कोडी, ठोकळे, वाचन-लेखन करून घेतात. बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरतात, पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही.

आमच्या मुलांची खरी अडचण भाषेची. बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली, कारण नुसतं भाषांतर पुरत नाही. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठी प्रश्नच कळला नाही, तर गुण कमी पडतात ते भाषेमुळे, अकलेमुळे नव्हे. म्हणून घरची भाषा आधीच सांगा. शब्दांऐवजी आकृत्यांवर चालणारी रेव्हन चाचणी होईल का, तेही विचारा.

आणि डोळे-कान आधी तपासून घ्या. आमच्या वर्गातल्या एका ‘मंद’ मुलाला कमी ऐकू येत होतं, एवढंच.

अहवाल लेखी मागा, समजावून घ्या. घरात कोणाला फार उदास वाटत असेल तर सरकारी टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे.