काही नाही करत जी, घरीच राहतो

केसपेपरवर नाव आणि वयाखाली 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. गोंदियात प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा स्त्री पेशंट समोर असली की मी तो न विचारताच भरायचो: गृहिणी. विचारले तरी उत्तर ठरलेले, "काही नाही करत जी, घरीच राहतो." तक्रारीही ठरलेल्या. मान अवघडते, कंबर दुखते, गरगरते, खोकला जात नाही, थकवा तर कायमचा. हिमोग्लोबिन बघायचे, लोहाच्या गोळ्या लिहायच्या, पुढचा पेशंट. या बायकांच्या बोटांकडे नीट बघायला मला बरीच वर्षे लागली. ती बिडी वळणारी बोटे होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे रेल्वे आली, भोवती तेंदूचे जंगल होतेच, आणि गोंदिया बिडीचे गाव झाले. पण बिडीचा खरा कारखाना घराच्या ओसरीवर होता. सट्टेदार पाने, तंबाखू आणि दोरा द्यायचा. बाई पान भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन वळत बसायची. मोजून माल परत. वाईट निघालेल्या बिड्या 'छाट', त्यांचे पैसे नाहीत. मध्येच उठून भात टाकायचा, लेकराला पाजायचे, सासऱ्यांना चहा द्यायचा. याला सगळे म्हणत, "घर सांभाळून चार पैसे." या एका वाक्याने मजुरी कमी ठेवायला फार मदत केली, असे मला वाटते. वरखर्चाचे पैसे मानले की पोटापुरते द्यायची गरज उरत नाही.

ही बाई कामगार आहे की नाही, याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात. शेतीला मजूर मिळावेत म्हणून या प्रांताने १९४८ मध्ये कायदा केला की हंगामात ठरावीक गावांत बिडी बनवायला बंदी घालता येईल. सागर जिल्ह्यातून दाद मागितली गेली. १९५० मध्ये न्यायालयाने हा कायदा रद्द केला. शेतात राबू न शकणाऱ्या म्हाताऱ्या बायका, मुले, अपंग यांचाही रोजगार त्याने बुडतो, हे एक कारण निकालात आहे. म्हणजे घरी बसून हे हात कमावतात, हे मान्य झाले. पण १९५८ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की सट्टेदार आणि त्याची माणसे कारखाना कायद्याखाली 'कामगार' ठरत नाहीत. शेवटी १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात घरी बिडी वळणारीचा कर्मचारी म्हणून स्पष्ट उल्लेख आला. बाळंतपणाचे लाभही तिला लागू झाले. कागदावर तरी.

याच काळात अमेरिकेत उलटे चालले होते. महायुद्धात कारखान्यांत गेलेल्या बायकांना पुरुष परतल्यावर घरी पाठवले गेले. वॉशिंग मशीन, फ्रिज, टापटीप स्वयंपाकघर, आणि जाहिरातीत हसरी गृहिणी. तरीही त्या डॉक्टरकडे थकवा आणि बेचैनी घेऊन येत. बेटी फ्रीडन यांनी १९६३ मध्ये या अस्वस्थतेवर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी व्हॅलियम बाजारात आले आणि तिथल्या डॉक्टरांनी ते बायकांना भरभरून लिहून दिले. आपण हसू नये. तिकडे व्हॅलियम, इकडे माझे बी-कॉम्प्लेक्स. 'दिवसभर काय करता?' हे दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

विचारले असते तर निदानाला मदतच झाली असती. तासन्‌तास वाकून बसल्याने मान आणि कंबर जाते. तंबाखूची धूळ छातीत जाते. ओल्या हातांच्या त्वचेतून निकोटिन शरीरात शिरते, त्याने मळमळ आणि गरगर होऊ शकते. म्हणून सूप घेऊन बसायचे ते हवेशीर जागी, तासाभराने उठून पाठ सरळ करायची, जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, आणि तंबाखू लेकराच्या झोपायच्या जागेपासून दूर ठेवायचा. गरोदर असाल तर डॉक्टरांना बिडीचे काम आवर्जून सांगा. आणि सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवत असाल तर तेही सांगा, कारण नुसत्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन किती चढणार?

आता मी तो रकाना शेवटी भरतो. आधी म्हणतो, "ताई, हात दाखवा. दिवसाला किती होतात?"

उत्तर लगेच येते. "सात-आठशे होतात जी. पोरगी शाळेतून आली की हजार."