थांबलेल्या चाकाची झीज

'वंगण' हा शब्द हल्ली यंत्रापेक्षा कचेरीच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. अडलेला कागद पुढे सरकवण्यासाठी जे द्यावे लागते, ते वंगण. या लाक्षणिक अर्थामागे एक साधे गृहीत आहे : ज्याला चालायचे आहे त्यालाच वंगण हवे, जे थांबले त्याला झीज कसली? वंगणाचा इतिहास वाचताना मात्र हे गृहीत टिकत नाही, असे आम्हांला दिसून आले.

बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्यावाचून गाडीवान लांबच्या वाटेला लागत नसे. वंगणाने चाक हलके फिरते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. पण एवढा भार माथ्यावर असताना तेलाचा पातळ थर चिरडला कसा जात नाही? या प्रश्नाचे उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये काहीसे अपघातानेच हाती आले. ब्यूचॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने वरच्या बाजूला एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. तेथे दाबमापक बसवल्यावर बेअरिंगवरील सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब आढळला. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले : फिरता आस स्वतःच तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो, आणि तेथे निर्माण होणारा दाब भार तोलून धरतो. चाकाला तोलणारा थर चाकाच्या फिरण्यातूनच जन्मतो.

या शोधाला एक दुसरी बाजू होती. फिरणे थांबले की तो थरही उरत नाही.

तिचा प्रत्यय अमेरिकेतील मोटार-कारखानदारांना १९३० च्या दशकात आला. डेट्रॉइटहून रेल्वेने दूरवर पाठवलेल्या कोऱ्या मोटारींच्या चाकांची बेअरिंगे, त्या रस्त्यावर उतरण्यापूर्वीच खराब झालेली निघत. जॉन आल्मेन यांनी १९३७ साली या झिजेकडे लक्ष वेधले. डब्यातील हादऱ्यांनी बेअरिंगमधील पोलादी गोळ्या जागच्या जागी किंचित डुलत. त्यांच्याखालचे ग्रीस बाजूला सरे आणि परत येत नसे. मग धातू धातूला घासे, बारीक कण सुटत, गंजून तांबूस होत आणि तेच पुन्हा कानशीसारखे घासत. कठीणपणा मोजण्याच्या ब्रिनेल चाचणीत दाबाने पडणाऱ्या खड्ड्यांसारखेच हे खळगे दिसत. म्हणून या झिजेला 'खोटे ब्रिनेलिंग' असे नाव पडले.

आज ही झीज पवनचक्कीच्या माथ्यावर जाऊन बसली आहे. पवनचक्कीसाठी बेअरिंग केवढे निर्णायक असते, हे फार पूर्वीच दिसले होते. व्हरमाँट राज्यातील एका डोंगरावर पामर पुटनम यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली १२५० किलोवॉटची चक्की ऑक्टोबर १९४१ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिचे मुख्य बेअरिंग निकामी झाले. युद्धकाळामुळे नवे मिळेना. दोन वर्षे ती नुसतीच उभी राहिली. मार्च १९४५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि त्याच महिन्यात तिचे एक पाते तुटून पडले. तेवढ्या क्षमतेची चक्की पुन्हा उभी राहण्यास १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.

आधुनिक चक्कीत प्रत्येक पात्याच्या बुंध्याशी, मोठ्या चक्क्यांत माणसाच्या उंचीएवढ्या व्यासाचे, एक बेअरिंग असते. वाऱ्याच्या जोरानुसार पात्याचा कोन बदलणे हे त्याचे काम. ते पूर्ण फेरा क्वचितच घेते. काही अंश इकडे, काही अंश तिकडे, आणि बराच काळ केवळ थरथर. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट द्रव्याने स्पंजाप्रमाणे धरून ठेवलेले तेल. ते हळूहळू पाझरते, पण या थरथरीत योग्य जागी परत पोहोचतेच असे नाही. म्हणून मधूनमधून पाते मुद्दाम मोठ्या कोनातून फिरवून आणतात, ग्रीस पुन्हा पसरावे म्हणून. थांबलेल्याची काळजी घ्यायची ती त्याला थोडे चालवून!

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर वारा पडला की पवनचक्क्या निश्चल दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, विसावल्या आहेत. त्या विसाव्यातही सांध्यांत काही झिजत असू शकते, हे शिडी चढून वर जाणाऱ्या आणि ग्रीसने हात माखलेल्या माणसाला ठाऊक असते. आपण चाकाच्या शोधाचा इतिहास लिहितो, वेगाचा लिहितो. चाक टिकवून धरणाऱ्या त्या हातांचा लिहीत नाही. आणि जे नुसते उभे आहे ते सुरक्षित आहे, असे मानण्याची आपली सवय केवळ यंत्रांपुरतीच आहे, असे आम्हांला वाटत नाही.