सी. रामचंद्र : एका संकराचा इतिहास



मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणीच्या फडापुढे बसणारा आपल्याकडील माणूस हार्मोनियमला परके वाद्य समजत नाही. ही पेटी युरोपातून आली असे कोणी सांगितले तर तो हसेल. वरातीत सनईच्या जागी क्लॅरिनेट आले, तेव्हाही आपण त्याचे कूळ विचारले नाही. वाद्य सुरात लागले की ते आपले, असा आपला साधा व्यवहार आहे. विद्वानांचा व्यवहार मात्र इतका साधा नसतो.

आर्मेनियात तिग्रान हमास्यान नावाचा पियानोवादक आहे. जन्म १९८७ चा. आपल्या मुलखातील जुनी लोकगीते तो जाझच्या अंगाने वाजवितो आणि जगभर त्याचे कौतुक होते. त्याच्याविषयी वाचताना मला आपल्या गोदाकाठचा एक माणूस आठवला. नांदेडला येणारे गोदेचे पाणी वाटेत पुणतांब्याला स्पर्श करून येते. त्या पुणतांब्यात १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. चित्रपटसृष्टी त्यांना सी. रामचंद्र म्हणून ओळखते.

त्यांचे शिक्षण विलायती नव्हते. पुण्यात विनायकबुवा पटवर्धन आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणे शिकले. ‘नागानंद’ चित्रपटात नायक झाले, ते काही जमले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हात पेटीवर साथ करीत राहिले. थोडक्यात, पाया ग्वाल्हेर गायकीचा आणि पोट पेटीवर.

आता दुसरा प्रवाह पाहू. जाझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि गोव्याच्या तरुण वादकांनी ते संगीत डोळ्यांत तेल घालून ऐकले. ही मुले तयारच होती. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. ट्रंपेट असे फुंकीत की लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्यांचे व्यवसायातील नाव चिक चॉकलेट. पुढे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतील नाचरंगाला उतरती कळा लागली, आणि या मंडळींना स्टुडिओची वाट अधिक भरवशाची वाटू लागली. दारूबंदीने गोमंतकीय वादक चित्रपटसंगीताला मिळवून दिले, असे म्हटले तर त्यात थट्टेपेक्षा सत्यच अधिक आहे.

चितळकर आणि वाझ एकत्र आले, आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला. नायक भगवान, गिरणीकामगाराचा मुलगा. त्याच्यासाठी ‘चितळकर’ या नावाने गायले स्वतः रामचंद्रच. पडद्यावरही चिक चॉकलेटचा वाद्यवृंद दिसतो.

हे जुळले कसे? आपला सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो. त्याला मींड म्हणतात. ट्रंपेटचे सूर पडद्यांवर तुटक उमटतात. शिवाय आपल्याकडे एका वेळी एकच चाल चालते, पाश्चात्त्यांकडे अनेक स्वर एकदम उभे राहतात. चितळकरांनी चाल पेटीवर बसवावयाची आणि गोमंतकीय साहाय्यकाने ती स्वरलिपीत उतरवून वाद्यांचे वाटे पाडावयाचे, अशी कामाची रीत होती. यातील खरी युक्ती माझ्या मते अशी : चाल गळ्यासाठी राखली आणि पितळी वाद्यांना ओळींमधल्या मोकळ्या जागा दिल्या. गायकाने ओळ टाकावी, वाद्यांनी ती उचलावी. पोवाड्यात झीलकरी दुसरे काय करतो? शाहिराची ओळ संपते न संपते तोच झीलकऱ्याचा ‘जी जी’ येतो. मला ‘अलबेला’तली ट्रंपेट ऐकताना तोच झीलकरी सूटबूट घालून उभा राहिल्यासारखा वाटतो. कोणाला हे पटणार नाही. त्यांनी ढोलकीच्या ठेक्यावर लक्ष ठेवून ती गाणी पुन्हा ऐकावीत. आणि त्याच चित्रपटात पिलूच्या छायेतले अंगाईगीतही आहे, हे विसरू नये.

पुढच्याच वर्षी गदा आली. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय नभोवाणीमंत्री झाले. तेही महाराष्ट्राचेच, संगीताचे जाणकार आणि शास्त्रीय संगीताचे कैवारी. चित्रपटगीतांतील परदेशी भेसळ त्यांना सोसवेना, आणि आकाशवाणीवरून ती गीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांची चिंता खोटी नव्हती. संस्थाने गेली होती, खाँसाहेबांना आश्रयदाता उरला नव्हता. रेडिओने तो आधार दिला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. चितळकरांनी परदेशी चाली उचलल्या, हाही आरोप निराधार नाही. ‘समाधी’तील गाजलेल्या गाण्याचे मूळ लॅटिन अमेरिकी धर्तीच्या एका गीतात सापडते. पण श्रोते सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविधभारती काढावी लागली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपटातून ‘ईना मीना डिका’ने धुमाकूळ घातला.

बरे, हा मनुष्य एवढ्यावरच थांबला असता तर केसकरपक्षाचे समाधान झाले असते. पण १९५३ च्या ‘अनारकली’त त्याने भीमपलास असा मांडला की नाक मुरडणारेही गप्प बसले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी प्रदीपांचे हुतात्म्यांवरील गीत गायिले, त्याची चालही यांचीच. संकर करणारा आपले मूळ विसरतोच, असे म्हणणाऱ्यांनी या दोन चालींचे काय करावयाचे ते ठरवावे.

मडगावच्या ख्रिस पेरींनी गायिका लोर्नाच्या साथीने कोकणी गीतांत जाझ कसे मुरविले, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आज वेळ नाही.

चिक चॉकलेट १९६७ साली वारले. चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी गेले; ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र मागे ठेवून. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी सुरू झाली की पोरे एक हात वर करून, खांदे हलवीत, जागच्या जागी डुलतात. ती चाल भगवानची. पोरांना ते नाव ठाऊक नसते. वाजविणाऱ्याला कधी कधी ठाऊक असते.